मास्तरांच्या पाठीवरचा हात

मुलुंडहून परत आल्यापासून स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, "सर, मुंबईत वाद्यवृंदाच्या महोत्सवाला गेला होतात ना? लिहा की आमच्यासाठी." करमाळ्यात राहून चाळीस वादक एका रंगमंचावर बसलेले आमच्यापैकी कुणी पाहिलेले नाहीत. मीही पाहिले नव्हते. म्हणून लिहायला बसलो. पण जे पाहिलं तेवढंच लिहून भागणार नाही. मी जे केलं तेही लिहावं लागेल, आणि तेच जास्त आहे.

माझे वडील, आप्पा, लग्नाच्या बँडात होते. त्या बँडाच्या जिवावर मी बी.ए., एम.ए. झालो आणि आज कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीचं तोंड पाहिलेलं नाही. हे उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकार मनात ठेवणं वेगळं आणि चारचौघांत सांगणं वेगळं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायासमोर मी नेहमी 'मजुरी' लिहीत आलो.

आप्पा वाद्य वाजवत नसत. आमच्याकडे वरातीत बँडचा मास्तर क्लॅरनेट वाजवत सगळ्यांत पुढे असतो, पण तोंड वादकांकडे आणि पाठ रस्त्याकडे. म्हणजे तो उलटा चालतो. मागचा खड्डा, गटार, बैल त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवून एक माणूस चालतो. त्याला 'पाठीला असणं' म्हणतात. आप्पा बँडातल्या सगळ्याच मास्तरांच्या पाठीला होते, पण पहिले सदाशिव मास्तर. हे मास्तर तरुणपणीच करमाळा सोडून मुंबईला गेले, आणि पुढे मुलुंडच्या वाद्यवृंदाचे मुख्य संचालक झाले. यंदा त्या वाद्यवृंदाला पन्नास वर्षं झाली.

मास्तरांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच पेपर तपासत होतो. आप्पा मोठ्यानं बोलत होते. "येतो की. पोराला घेऊन येतो. व्हय व्हय, कोट आणतो. हाय, हाय, जपून हाय."

कोट म्हणजे लाल कोट. पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालर. लहानपणापासून मी तो पत्र्याच्या ट्रंकेत पाहत आलोय. दर दसऱ्याला आप्पा चिंचेनं बटणं घासायचे आणि कोट परत घडी करून ठेवायचे. तो फोन ऐकून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहिलं: मुंबईचं नाट्यगृह, पुढच्या रांगेत सुशिक्षित मंडळी आणि बँडवाल्याच्या लाल कोटात माझे आप्पा. शेजारी मी.

निघायच्या सकाळी आप्पा आंघोळीला गेले होते. त्यांनी कोट एका जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून पिशवीत ठेवला होता. मी तो काढला, गोळा करून गाद्यांच्या खाली कोंबला, आणि फडक्यात त्यांच्यासाठी घेतलेला नवा पांढरा शर्ट व वजनाला एक चादर बांधून गाठ तशीच मारली. वाटलं, तिथं गेल्यावर समजावून सांगू.

मुलुंड

आम्हाला उतरवून घ्यायला सुलभाताई परब आल्या होत्या. वाद्यवृंदाच्या त्या सचिव, पहिल्या रांगेत व्हायोलिन वाजवतात. मूळ मालवणच्या. वडील गिरणीत होते, त्या स्वतः बँकेतून निवृत्त. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी आप्पांच्या मांडीवरच्या पिशवीकडे पाहिलं.

"द्या हो काका, इकडे ठेवते."

"नको. मांडीवरच बरी हाय."

"सोनं आहे की काय?"

"तसंच म्हना," आप्पा हसून म्हणाले. मी बाहेर बघत राहिलो.

रात्री त्यांच्याच घरी राहिलो. सकाळी न्याहारीला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. आमच्याकडे भाकरी दाताखाली येते, ही आंबोळी जिभेवर विरघळून जाते. आप्पांनी चार खाल्ल्या आणि विचारलं, "आता जेवायला काय?" सुलभाताई इतक्या हसल्या की त्यांचा चहा सांडला. "काका, तुम्ही झकास माणूस आहात!"

महोत्सवाचा पहिला दिवस एका शाळेच्या सभागृहात होता. भिंतींवर फोटो लावले होते. मास्तर मुंबईत आले ते घाटकोपरला, एका चाळीत, गाववाल्यांकडे. लग्नांत वाजवलं, गणपतीत वाजवलं. मग मुलुंडच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागले. तिथं त्यांना कळलं की मशीनवरच्या एकाला व्हायोलिन येतं, कॅन्टीनमधला एक बासरी वाजवतो, शेजारच्या कंपनीतल्या एका फिटरकडे चेलो आहे, म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन, तेही मोडकं. रविवारी रविवारी ही माणसं याच शाळेच्या वर्गात लहान बाकांवर गुडघे मुडपून बसायची. त्यांचाच पुढे वाद्यवृंद झाला. आता त्यात डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत, कॉम्प्युटरवाले आहेत, आणि त्या फिटरची नातही आहे. चेलो नवा आहे.

एका फोटोसमोर आप्पा बराच वेळ उभे होते. पांढऱ्या सदऱ्यातले तरुण मास्तर हात वर करून उभे होते आणि समोर दहाबारा माणसं. तेवढ्यात एक चष्मेवाले गृहस्थ माझ्याशी बोलायला आले. मी प्राध्यापक आहे म्हटल्यावर त्यांना आनंद झाला.

"आणि वडील? तेही संगीतातलेच का?"

"नाही, नगरपालिकेत होते," मी म्हणालो.

आप्पा एका वर्षी आठ महिने नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर रोजंदारीला होते, एवढंच त्यात खरं. ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते. त्यांनी टोपी नीट केली आणि पुढच्या फोटोकडे सरकले.

मग मास्तर आले. पंचाहत्तरी ओलांडलेली, तरी उंचेपुरे, ताठ. आप्पा त्यांच्या खांद्यालाही लागत नाहीत. दोघांनी नमस्कार केला नाही, मिठी मारली नाही. मास्तर सरळ वळले आणि पाठ करून उभे राहिले. आप्पांनी त्यांच्या कमरेच्या जरा वर तळवा ठेवला.

"आहे का अजून जोर?" मास्तरांनी विचारलं.

"चाल की मागं, दावतो."

आणि ते दोन म्हातारे सभागृहाच्या मधोमध, खुर्च्यांतून वाट काढत, एक उलटा आणि एक त्याच्या मागे, दारापर्यंत गेले. एकाही खुर्चीला धक्का लागला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी इकडंतिकडं पाहत होतो, ते चष्मेवाले गृहस्थ कुठं आहेत म्हणून.

दुपारच्या जेवणाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे लग्नात बँडवाल्यांची पंगत सगळ्यांत शेवटी, मांडवाच्या मागे बसते. लहानपणी मी आप्पांबरोबर तिथं जेवलोय. इथं सुलभाताईंनी जाहीर केलं, "आधी वादक जेवतील. पाहुणे, देणगीदार, सगळे नंतर. सदाशिव सरांचा नियम आहे, पहिल्या दिवसापासूनचा." कोट घातलेली मोठी मोठी माणसं ताटं न घेता उभी राहिली. मास्तरांनी आप्पांना आपल्या शेजारी बसवलं. आप्पा संकोचानं उठायला लागले तर म्हणाले, "बस रे नाम्या. ही आपलीच पंगत आहे." मी पाहुण्यांत उभा होतो. माझी जागा मीच ठरवली होती.

अंधेरी, मरोळ

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीला सुट्टी होती. मास्तर म्हणाले, चला, माझ्या गुरूंचं घर दाखवतो. घाटकोपरहून मेट्रोनं गेलो. खाली छपरं, ताडपत्र्या, वाळत घातलेले कपडे, आणि आपण गार डब्यात बसून त्यांच्यावरून जातो. आप्पांना ते फार आवडलं. "लोकांच्या घरावरनं चाललोय, आन कुनी शिव्या बी देईना."

मरोळच्या गावठाणात अजून कौलारू घरं आहेत आणि गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. तिथं फर्नांडिस सर म्हणून व्हायोलिनवादक राहत. मास्तरांना कागदावरचं स्वरलेखन वाचायला त्यांनी शिकवलं. कारखान्याची पाळी संपली की मास्तर मुलुंडहून इथं यायचे. सहा वर्षं. घर आता बंद असतं. मास्तरांनी क्रुसाला झेंडूचा हार घातला आणि आम्ही शेजारच्या कट्ट्यावर बसलो.

"सर मला म्हणायचे," मास्तर सांगू लागले, "'सदाशिव, तुला सगळं येतं, पण तू मागे मागे का सरकतोस?' वाजवणाऱ्यांत रंगलो की माझे पाय आपोआप मागे जायचे, सवय ना! एकदा मुलुंडला सरकता सरकता मंचावरून खाली पडलो, हात मोडला. तेव्हापासून माझ्या मागे लोखंडी कठडा लावतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा बाप पाठीला नाही, म्हणून मला कठडा लावावा लागला बघ."

मी हसलो. आप्पा हसले नाहीत.

"माझा हात सुटला हुता," ते म्हणाले.

"नाम्या, जाऊ दे ते."

"नाय, ह्याला ठावं पायजे."

आणि आप्पांनी सांगितलं. आमच्या जवळच्या केम गावातलं लग्न. वरात निघालेली. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला आणि आप्पांनी हात काढून तो घेतला. नवरदेवाचा घोडा बँडाच्या पुढं काढला होता; तेवढ्यात मास्तर त्याच्यावर आदळले. घोडा बुजला, नवरदेवाचा फेटा पडला. नवरदेवाच्या चुलत्यानं भर रस्त्यात मास्तरांच्या थोबाडीत मारली, एकदा नाही, दोनदा. मास्तरांनी तिथंच अंगातला कोट काढला, आप्पांच्या हातात दिला आणि म्हणाले, "सांभाळ. उलटं चालायला लागणार नाही अशी जागा मिळाली की मागून घेईन." त्याच रात्रीच्या गाडीनं ते गेले.

"पंचावन्न वर्सं झाली," आप्पा म्हणाले. "आता मागितला. उद्या देतो."

मास्तरांनी आप्पांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मी इतिहास शिकवतो. पुरावा कसा वाचायचा ते मुलांना सांगतो. त्या कोटाच्या बाह्या आप्पांच्या बोटांच्याही खाली गेल्या असत्या, आणि तो त्यांचा असूच शकत नाही हे मला आयुष्यात एकदाही सुचलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं. मला तो नजरेआड हवा होता, एवढंच.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. अजून वेळ होता. आमच्याकडून रोज एस.टी. सुटते, बायकोला फोन केला असता तर तिनं कोट ड्रायव्हरच्या ताब्यात दिला असता. मिरच्या, औषधं, मुलांची पुस्तकं, सगळं आपण असंच पाठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उतरवून घ्यायचा, इतकं सोपं होतं. परतताना घाटकोपर स्टेशनच्या पुलावर मी फोन हातात घेऊन उभा राहिलो. बायको पहिला प्रश्न विचारणार होती, "गाद्यांखाली? तिथं कसा गेला?" मी फोन खिशात ठेवला.

पुन्हा मुलुंड

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृह भरलं होतं. आप्पांना मी तो नवा शर्ट देऊ शकत नव्हतो, कारण तो फडक्यात होता. ते आपल्या नेहमीच्याच सदऱ्यात, मांडीवर पिशवी घेऊन, तिसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसले होते.

वादनाबद्दल मला नीट लिहिता येणार नाही, माझी तेवढी जाण नाही. चाळीस माणसं एका हाताकडे पाहत होती एवढं दिसलं. आमच्याकडे गाणं रंगलं की मध्येच शिट्ट्या पडतात. इथं मास्तरांचा हात खाली येईपर्यंत कुणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं. दोनदा मास्तर मागे सरकले आणि त्यांची पाठ कठड्याला टेकली. दोन्ही वेळा आप्पांचा उजवा हात मांडीवरून जरासा उचलला गेला.

शेवटच्या रचनेआधी सुलभाताई ध्वनिक्षेपकाशी आल्या. म्हणाल्या, "आज सरांचं संचालक म्हणून शेवटचं वादन आहे. यानंतर ते थांबणार आहेत. शेवटच्या रचनेला कठडा नसेल. कठड्याच्या जागी, करमाळ्याहून आलेले, सरांचे पाठराखे नामदेव काका असतील." दोन माणसांनी कठडा उचलून विंगेत नेला. आप्पा पिशवी घेऊन उठले. मी त्यांची बाही धरली. "आप्पा," म्हणालो. त्यांना वाटलं, मी आधार देतोय. "जातो मी, जातो," म्हणाले.

मंचावर त्यांनी पिशवीतून गाठोडं काढलं. मास्तरांकडे पाहून म्हणाले, "सदा, तुझी ठेव." ध्वनिक्षेपक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. मग गाठ सोडायला लागले. गाठ मी मारलेली होती, घट्ट. सुटेना. मास्तरांनी खाली वाकून मदत केली.

पांढरा शर्ट निघाला. दुकानाचा कागदी टॅग लोंबत होता. खाली चादर.

आप्पांनी चादर झटकली. फडकं उलटं करून पाहिलं. पिशवीत हात घातला. नाट्यगृहात कुठंतरी कुणी हसलं, वाईट हेतूनं नव्हे, काही गंमत असेल असं वाटून. आप्पांनी एकदा आमच्या रांगेकडे पाहिलं. दिव्यांमुळे मी त्यांना दिसत होतो की नाही, मला माहीत नाही.

मग ते मास्तरांना म्हणाले, "मीच इसरलो बघ. म्हातारपन."

मी उभा राहिलो नाही. एक वाक्य पुरलं असतं. पंचावन्न वर्षांपूर्वी सुटलेला हात आप्पांनी जपून परत आणला होता, आणि आता पाचशे माणसांसमोर तो दुसऱ्यांदा सुटला असं ते स्वतःच्या तोंडानं सांगत होते. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिलो.

मास्तर म्हणाले, "कोट गेला खड्ड्यात. तू आलास ना? धर." आणि पाठ केली. आप्पांनी हात ठेवला. वाद्यवृंद सुरू झाला. मास्तर रंगात आले की मागे सरकायचे, आप्पा त्यांना बरोबर काठाच्या आधी थांबवायचे. शेवटी सगळं नाट्यगृह उभं राहिलं. तेव्हा मीही उभा राहिलो. तेव्हा उभं राहणं सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आम्ही मास्तरांच्या घरी चहाला गेलो. सुलभाताईही होत्या. चहा येण्याआधीच मी सांगून टाकलं. कोट कुणी काढला, कुठं ठेवला, का काढला. नगरपालिकेचंही सांगितलं. मरोळनंतरही फोन केला नाही, हेही सांगितलं. बोलताना मी फरशीकडे पाहत होतो.

सुलभाताई पुटपुटल्या, "अरे देवा. काय केलंस रे हे!"

आप्पांनी विचारलं, "घडी करून ठिवलास का गोळा करून?"

"गोळा करून."

"बटनं काळी पडतील," एवढंच ते म्हणाले, आणि कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच राहिला.

मी म्हणालो, "मास्तर, मी आजच जाऊन कुरिअर करतो."

"कुरिअर नको," मास्तर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तू आण. पिशवीत नको आणूस. अंगात घालून आण."

करमाळा

परतीच्या वाटेवर आप्पा माझ्याशी बोलले, पण फक्त गरजेपुरतं. घरी आल्यावर मी कोट काढला. खरंच बटणं काळवंडली होती. मी चिंच भिजवली. आप्पा ओट्यावरून पाहत होते. तिसऱ्या बटणाला उठून आले आणि "असं न्हाय, गोल घासायचं" म्हणून दाखवून गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी मुलुंडला जाऊन कोट मास्तरांना दिला. त्यांनी तो घातला. पोटावर एकही बटण लागलं नाही, म्हणून ते हसले. आता तो तालमीच्या खोलीत त्या लोखंडी कठड्यावर टांगलेला असतो, असं सुलभाताई फोनवर सांगतात. प्रवासवर्णन खरं तर इथं संपतं.

पण त्या रविवारी सकाळी निघतानाचं सांगायचं राहिलं. मी लाल कोट घालून करमाळ्याच्या स्टँडवर उभा होतो. झालर, पितळी बटणं, सगळं. माझे दोन विद्यार्थी समोरून गेले, त्यांनी नमस्कार केला आणि पुढं जाऊन वळून पाहिलं. रिक्षावाले पाहत होते. कान तापले होते. बाकावर एक म्हातारे शेतकरी बसले होते, ते सरकून जवळ आले.

"बँडवाले का? पोरीचं लगीन धरलंय. वैशाखात तारीख मोकळी हाय का?"

मी त्यांना चुलतभावाचा नंबर दिला. आता बँड तो चालवतो.

"आन तुमी काय वाजवता?"

"मला वाजवता येत नाही," मी म्हणालो. मग जरा मोठ्यानं, रिक्षावाल्यांनाही ऐकू जाईल असं, "माझे वडील बँडात होते. नामदेवआप्पा. ते मास्तरांच्या पाठीला असायचे."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली.

"लई जोखमीचं काम," ते म्हणाले. "हात काढून चालत न्हाय."